साकुजीच्या मरणाची तारीख

इमाबारी,
ऑक्टोबर अखेर

प्रिय किनू,

तुझं निमंत्रण पोचलं. अक्षर अजून तसंच वळणदार आहे. टेकडीवर साकुजीच्या आठवणीचा दगड उभा राहतोय, तुझे यजमान त्या समितीचे अध्यक्ष आहेत, डिसेंबरात अनावरण आहे, आणि वीरपत्नी म्हणून मी पहिल्या रांगेत बसावं अशी सगळ्या गावाची इच्छा आहे, हे वाचलं. अगदी खाली बारीक अक्षरात तू आणखी एक ओळ घातली आहेस, की तोकिएला सोबत आणलं नाहीस तर बरं, लोक उगाच काहीबाही बोलतील. वा गं वा! ज्या घरानं मला पोटुशी असताना दाराबाहेर काढलं, त्या घराला आज मी पहिल्या रांगेत हवी झाले, आणि माझी मुलगी तेवढी चालत नाही. आधी मला हसू आलं. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

दगडावर काय कोरणार तेही तू कळवलंस. ‘पेटत्या विमानासह शत्रूवर झेप घेऊन वीरमरण’, आणि खाली तारीख, युद्धाला तोंड लागलं त्या डिसेंबरातली. तोकिए जन्मली त्याच्या पुढच्या डिसेंबरात, बापाच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास. म्हणजे तुमची तारीख खरी धरली तर माझी मुलगी साकुजीची नाही, हे बोटांवर महिने मोजता येणाऱ्या कुणालाही कळतं. गावानं ते केव्हाच मोजलं. ती तारीख खोटी आहे हे आपल्या माणसांत आज जिवंत असलेल्या दोघींनाच ठाऊक आहे. एक मी, त्याची बायको. दुसरी तू, त्याची सख्खी बहीण.

मी तुझी वहिनी झाले त्याच्या आधी आपण मैत्रिणी होतो, हे तू विसरली असशील. तुमच्या माळ्यावर रेशमाच्या किड्यांना तुतीची पानं टाकता टाकता तूच माझ्या कानाशी लागायचीस, ‘अगं, आमच्या दादाला करून घे ना, म्हणजे तुला कायमची इथंच ठेवून घेता येईल.’ दादा तेव्हा खाली अंगणात उभा राहून कावळ्यांच्या नकला करत असायचा. असला नवरा कोण करेल, असं मी म्हणायचे, आणि केला. लग्न झाल्यावर पहिल्याच सकाळी मी तुला ‘ए किने’ अशी हाक मारली, तेव्हा सासूबाईंनी असे डोळे वटारले की त्यानंतर चारचौघांत मी तुला मानानंच हाक मारत आले. माळ्यावर मात्र तू किनीच होतीस.

साकुजी आरमाराच्या विमानदळात होता. सात जणांचं बॉम्बफेकी विमान, त्यात हा अगदी शेपटीत, काचेच्या घुमटीत मशीनगन घेऊन पाठमोरा बसायचा. ‘बाकीचे सगळे पुढं बघत जातात, मी एकटा मागं बघत जातो, म्हणून मला आपला देश जास्त वेळ दिसतो,’ असं म्हणायचा. त्या विमानाला ते लोक चिरूट म्हणत, कारण अंगानं तसंच जाडजूड आणि ठिणगी लागली की पेटायलाही तसंच तयार. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नव्हतं.

त्या डिसेंबरात दक्षिणेच्या एका बेटावर हल्ला करताना त्यांचं एक इंजिन पेटलं. बरोबरच्या विमानांनी धुराचा लोट खाली झाडीत जाताना पाहिला, आणि तळावर जाऊन सांगितलं, की सातही जणांनी पेटतं विमान जाणूनबुजून शत्रूवर घातलं. पाहिला होता फक्त धूर. पण तेव्हा पडलेल्या प्रत्येक विमानाबद्दल असंच सांगायची रीत होती. नुसतं पडलं म्हटलं तर मेलेल्याला कमीपणा येतो, म्हणून दोस्तांनी चांगुलपणानं चार शब्द वाढवून सांगितले. ते शब्द वर गेले, त्याहून वर गेले, थेट राजवाड्यापर्यंत पोचले. रेडिओवर सातही नावं आली. सातही जणांना दोन-दोन पायऱ्यांची बढती मिळाली. जिवंतपणी त्यांना कुणी विचारत नव्हतं.

मग आपल्या दारावर ‘वीराचं घर’ अशी पाटी लागली. शाळेची पोरं रांगेनं येऊन वाकून जायची. पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी आली, तीत जाताना कापून ठेवलेली नखं आणि केसांची बट, दुसरं काही नाही. ‘कावळ्या, कधी सुधारणार तू?’ म्हणून जन्मभर त्याच्या मागं लागलेल्या सासूबाई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, की माझा साकुजी पाळण्यात होता तेव्हापासूनच गंभीर. मेल्या म्हशीला मणभर दूध! मामंजी रोज सकाळी ती पाटी पुसायचे. वीराच्या बायकोनं रडायचं नाही असा दंडक होता, म्हणून मी माळ्यावर तुझ्यापाशी येऊन रडायचे. तू माझं डोकं मांडीवर घ्यायचीस. तेही मला आठवतं, म्हणून तर जास्त जळतं.

आणि मग तो दिवस. प्लमची झाडं फुलली होती. शाळेत साकुजीची तसबीर लावायचा समारंभ होता, सासूबाई, मामंजी, सगळं गाव तिकडं गेलेलं. मला ताप भरला होता, म्हणून तू सोबतीला थांबलीस. मागचं दार वाजलं. तू उघडलंस, आणि तुझ्या हातातली शेंगांची टोपली खाली पडली. दारात दादा. अंगावरची पदाची चिन्हं काढलेली, गालफडं बसलेली. तू किंचाळणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘ओरडू नकोस किने, मी मेलोय.’ आत येऊन तो देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. भिक्षूंनी ठेवलेलं मेल्यानंतरचं नाव पाटीवरून अडखळत वाचलं आणि म्हणाला, ‘केवढं लांब! हे गृहस्थ कोण?’ तसबिरीपुढं नैवेद्याचा भात आणि मुळ्याचं लोणचं होतं, ते तिथंच मांडी घालून खाल्लं. ‘मेल्यावर वाढतात बाकी चांगलं,’ असं तोंडात घास घेऊन म्हणाला, तेव्हा तू फिसकन हसलीस. मीही हसले, तापात. मग तिघंही रडलो.

त्यानं काय सांगितलं ते तू माझ्या शेजारी बसून ऐकलंस. तरी लिहिते, कारण तुझी आठवण हल्ली फार सोयीनं चालते असं दिसतं. त्यांचे कप्तान होरिउची यांनी पेटलेलं विमान एका इंजिनावर उसाच्या शेतात उतरवलं. सातही जण जिवंत. तिथल्या लोकांनी पकडून कोठडीत घातलं, काही आठवड्यांनी आपलं सैन्य त्या बेटावर उतरलं आणि सुटका झाली. हे वेडे ‘आलो रे आम्ही!’ म्हणून ओरडत तळावर परतले. दोस्तांनी मिठ्या मारल्या. संध्याकाळपर्यंत त्यांची अंथरुणं तळाच्या पार टोकाच्या एका झोपडीत हलवली होती. एक तर शत्रूच्या कैदेत राहिलेली माणसं, म्हणजे काळं फासलेली. त्यात राजवाड्यात मेली म्हणून कळवलेली. एक साहेब सरळच म्हणाला, ‘तुमच्या मरणाची बातमी आता परत कशी घेणार? तुम्हीच ती खरी केली पाहिजे.’ तेव्हापासून दर हल्ल्यात त्यांचं विमान सगळ्यात मागं, सगळ्यात कडेला, तोफांच्या तोंडी. आणि होरिउची इतके पटाईत, की दर वेळी परत आणायचे. ‘आम्ही उतरलो की साहेबाचं तोंड बघायला हवं, जेवणावरची वासनाच उडते बिचाऱ्याची,’ असं साकुजी म्हणाला. त्या विमानाची शेवटी भोकं पडून पडून चाळण झाली. नवं न्यायला त्यांना मायदेशी धाडलं, गुपचूप, कुणाला नाव सांगायचं नाही अशी ताकीद देऊन. होरिउची त्याला म्हणाले, ‘जा, बायकोला भेटून ये. मेलेल्या माणसाला रजा मागावी लागत नाही.’ बाकीच्यांची घरं लांब होती, एकटा साकुजी येऊ शकला.

मी म्हटलं, आईंना बोलावून आणू दे. तो नको म्हणाला. ‘आई माझ्या मरणावर जगतेय गं. आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी कैदेत होतो हे बाहेर फुटलं तर बाबा त्या पाटीखाली जीव देतील. लढाई संपू दे, मग बघू.’ लढाई संपेपर्यंत बोलायचं नाही अशी त्यानं दोघींकडून शपथ घेतली. मग तू उठलीस, शेंगांची टोपली घेऊन पुढच्या ओट्यावर जाऊन बसलीस, आणि शेंगा सोलता सोलता तुझ्या त्या भसाड्या आवाजात भातलावणीची गाणी म्हणायला लागलीस, एकामागून एक, थांबायचं नावच नाही. माळ्यावर आम्हाला ऐकू येत होतं. साकुजी म्हणाला, ‘किनी पहारा देतेय बघ.’ तोकिए त्या दुपारची आहे, किनू. तू गात होतीस तेव्हाची.

उन्हं कलायच्या आत तो मागच्याच दारानं गेला. मी वाट पाहत राहिले. पोट दिसायला लागलं तरी मला भीती वाटली नाही, कारण मला वाटायचं, लढाई संपेल, तो समोरच्या दारानं येईल आणि सगळ्यांची तोंडं आपोआप बंद होतील. उन्हाळ्यात पितरांचा सण आला. मेल्यानंतरचा त्याचा पहिला सण, त्याच्या आत्म्याला घरची वाट सापडावी म्हणून पांढरा कंदील टांगायचा होता. मी हात वर करून कंदील अडकवत होते, आणि सासूबाईंची नजर माझ्या पोटावर गेली.

देव्हाऱ्यासमोर त्यांनी तुला उभं केलं. ‘ही तुझी जिवाभावाची ना? मग सांग, घरात कोण येतं?’ मी तुझ्याकडं पाहत होते. मला वाटलं, ही शपथही मोडणार नाही आणि मलाही मोडू देणार नाही, काहीतरी मार्ग काढेल, निदान रडून गोंधळ तरी घालेल. तू चटईकडं बघत म्हणालीस, ‘मला काय माहीत? वहिनी दुपारी एकटीच असायची.’ अगं, मला माहीत नाही एवढ्यावर थांबली असतीस तरी मी तुला माफ केलं असतं. पुढचं वाक्य कशाला घातलंस? त्याच दिवसांत तुझं लग्न ठरत होतं. मास्तरांचं स्थळ, वीराची बहीण म्हणून चालून आलेलं. तुझी अडचण मला तेव्हाही कळत होती. पण तुझ्या अडचणीचं ओझं माझ्या पोरीनं का वाहायचं? सासूबाईंनी माझं गाठोडं अंगणात भिरकावलं. शेजारीपाजारी गोळा झाले, पाटीला वाकून नमस्कार करणारी तीच माणसं माझ्याकडं बघून थुंकली. आणि मी गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मावशीनं इथं इमाबारीत थारा दिला, टॉवेलच्या गिरणीत कामाला लावलं. तोकिए इथंच झाली. लढाई संपून तीन-चार वर्षं झाल्यावर निएदा नावाचे एक गृहस्थ शोधत शोधत माझ्या दारी आले. साकुजीच्या विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक. साकुजीनं त्यांना माझं नाव-गाव सांगून ठेवलं होतं. तुमच्या गावात त्यांच्याशी कुणी धड बोलेना, शेवटी टपालवाल्यानं पत्ता दिला. मी उकडलेली रताळी पुढं ठेवली, ती त्यांनी नुसती हातात धरली आणि सांगायला सुरुवात केली. वसंत सरता सरता वरून हुकूम आला, हे एकच विमान, भर दिवसा, कुणाच्याही सोबतीशिवाय, शत्रूच्या बंदरावर जाईल. परत येऊ नका असं कुणी लिहून दिलं नव्हतं, तोंडीच होतं. निएदांनी मात्र परतीलाही पुरावं म्हणून टाकी काठोकाठ भरली.

आणि किनू, ते परत आले. पुन्हा आले! एक इंजिन बंद, पोटाचा पत्रा फाटून लोंबतोय, चाक एकच बाहेर आलेलं. विमान मैदानावरून इतकं खालून गेलं, की शेपटीच्या फुटक्या घुमटीतून टोपी हलवणारा साकुजी निएदांना स्पष्ट दिसला. तेवढ्यात तळावरून लाल निशाण दाखवलं गेलं. उतरू नका. विमानानं घिरटी घातली. पुन्हा लाल निशाण. पुन्हा घिरटी. निएदा म्हणाले, ‘बाई, आम्ही सगळे मैदानावर उभे होतो, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही.’ मग होरिउचींनी एकदा डावा, एकदा उजवा पंख कलवला, आपण वाकून निरोप घेतो तसा, आणि विमान समुद्राकडं वळवलं. उरलेल्या इंजिनाचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबल्यावर साहेबांनी सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं. शत्रूनं नाही मारलं त्यांना. आपल्याच माणसांनी उतरू दिलं नाही. आणि त्या दिवसाची तारीख कुणी कुठंही नोंदवली नाही, कारण सरकारी हिशेबात ते सगळे आधीच मेलेले होते.

निएदा इतर घरांतही जाऊन आले होते. होरिउचींच्या बायकोचं लग्न, पहिलं मरण जाहीर झाल्यावर लगेच, धाकट्या दिराशी लावून दिलं होतं. तिनं निएदांना चहा दिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्यात लहान होता तो रेडिओवाला, त्याची आई म्हणाली, ‘दुसऱ्यांदा सांगू नका हो, एकदा सोसलंय.’ मी मात्र सगळं ऐकून घेतलं. तोकिए तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती, बाहेर चेंडू खेळत होती. तिच्याकडं बघून निएदांनी डोळे पुसले. मी तिला काही सांगितलं नाही. पोर शाळेत बोलून बसेल, कैद्याची मुलगी म्हणतील, आधीच काय कमी म्हणत होते! मोठी झाली की सांगू म्हटलं. पण मोठी होता होता तिनं बापाबद्दल विचारायचंच सोडून दिलं. निएदाही पुढं छातीच्या दुखण्यानं गेले.

आता ती बंदराजवळच्या दवाखान्यात परिचारिका आहे. हुशार आहे, तोंडाळ आहे, नको तिथं हसते, बापावर गेली आहे. दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं. मुलाकडचे चौकशीला माणूस गावी पाठवतात, आपल्याकडची पद्धतच ती, त्यांना तरी काय बोल लावायचा. दोन्ही माणसांना तुझ्या घरी चहा मिळाला, हे मला कळलं आहे. एक वरमाय मला बाजारात भेटली तेव्हा फार गोड बोलली, ‘मुलगी छानच आहे हो, पण घराण्याचं...’ आणि पुढं नुसता हात हलवला. शपथ लढाई संपेपर्यंतची होती, किनू. लढाई संपून जग बदललं. सासूबाई गेल्या, मामंजी गेले, निशाण दाखवणारे साहेब पेन्शन खाऊन खाऊन मेले असतील. आता कुणाची अब्रू राखत बसली आहेस? मास्तरांच्या समितीची?

पहिल्या रांगेत मी येणार नाही, हे कळवायला एक ओळ पुरली असती. एवढं लिहिलं ते वेगळ्याच कारणानं. तुझं निमंत्रण माझ्याआधी तोकिएच्या हाती पडलं. तिनं ते वाचलं, ती बारीक अक्षरातली ओळसुद्धा, आणि माझ्यापुढं ठेवलं. मला राहवलं नाही. रविवारी जेवणं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं, आज तुला लिहिलं तसंच, काहीही न लपवता. मग ती उठली, भांडी घासली, हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘आई, बाप नव्हता म्हणून माझं काही अडलं नाही गं. माझ्यासाठी एवढी मोठी गोष्ट रचायची गरज नव्हती. मेलेला माणूस मागच्या दारानं येतो, भात खातो आणि निघून जातो, हे कोण खरं मानेल?’ आणि माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. ती चिडली असती, तर मी भांडले असते. ती माझी कीव करते, किनू. आता मी साकुजीचं नाव काढलं की ती ‘बरं बरं’ म्हणून माझी समजूत घालते. तुमच्या दगडावर हवं ते कोरा, मला त्याचं सोयरसुतक नाही. पण ती दुपार पाहिलेलं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. गाडीत बस, इथं ये, आणि तिच्यासमोर बसून सांग. गावाला सांगू नकोस, मास्तरांना सांगू नकोस, फक्त तिला सांग. मी तिची आई, माझं तिला खरं वाटत नाही. तू माझी वैरीण आहेस, तुझं वाटेल.

तुझीच, तुला हवी असो वा नसो,
वहिनी हात्सुयो